चोवीस गेज

रेइनो कांगासने मीठ-मिरपूड बाजूला सारून
टेबलावर तीन तुकडे मांडले पत्र्याचे.
एकोणतीस गेज, सव्वीस, चोवीस.
आकडा जितका लहान तितका पत्रा जाड,
हे निशिकांतला दोनदा सांगावं लागलं.

हॅन्कॉक, मिशिगन. कालव्यावरची चढाची गल्ली.
एका हिवाळ्यात सतरा-अठरा फूट बर्फ,
आणि वर आमचं डांबरी छप्पर,
उन्हात विसरलेल्या पापडांसारखं
कडांनी वळलेलं.

जयसिंगपूरहून वन्संचा फोन:
पत्रा? एवढं अमेरिकेत जाऊन पत्र्याखाली राहणार?
तिकडे स्लॅब टाकत नाहीत का गं?
म्हटलं, स्लॅबवर बर्फ मुक्काम ठोकतो, वन्सं,
आम्हाला घसरून जाणारा हवाय.
आणि गंजत नाही?
कल्हईसारखं जस्त असतं वरून.
ते आधी झिजतं, लोखंड मागे राहतं.
म्हणजे घरातल्या थोरल्या सुनेसारखं,
म्हणाल्या, आणि स्वतःच हसत राहिल्या
बराच वेळ.

रेइनो बोटाने दाखवत होता.
हा स्वस्त: स्क्रू वरून दिसतात,
प्रत्येकाखाली रबराची चकती,
पंधरा वर्षांत चिरते, मग थेंब.
हा उभ्या शिवणीचा: आत क्लिपा, वर भोक नाही एकही.
पैसे जवळजवळ दुप्पट.
किती वर्षं राहणार आहात?

त्याने पत्र्यासाठीच विचारलं होतं.

निशिकांत म्हणाला, पंधरा.
मी त्याच वेळी म्हणाले, चाळीस.
मी एकसष्ट वर्षांची.
कोथरूडला आमचा फ्लॅट आहे.
त्याच्या मेंटेनन्सचे पैसे दर तिमाहीला जातात,
त्यात आम्ही एकही रात्र झोपलेलो नाही.
रेइनो कॉफी ढवळत बसला.
तिच्यात साखर नव्हती.

मग म्हणाला, पत्रा हलतो.
वीस फुटांचा पत्रा उन्हाळ्यातून हिवाळ्यात जाताना
पाव इंच आखडतो.
घट्ट ठोकलात तर भोकं मोठी होतात.
क्लिपवर टेकवलात की सरकतो, परत येतो,
तुम्हाला कळतसुद्धा नाही.

चेक निशिकांतनेच लिहिला.
आकड्याआधी जरा थांबला.

लिलावात घेतलेली तांब्याची पन्हळ होती त्याच्याकडे,
आठ वर्षं गॅरेजात. ती लावायची होती.
रेइनो म्हणाला, पत्र्याच्या वर कुठेही तांबं नको.
त्यावरून उतरलेलं पाणी जस्त खातं.
आणि हे अशा गावात,
जिथल्या टेकडीचं पोट शंभर वर्षं
तांब्यासाठीच उकरलं.
पन्हळीत आता पुदिना आहे.

दाराच्या वर बर्फाला अडसर लावले,
मागे दोनशे डॉलर वाचवले.
मागची लायलॅक पहिल्याच फेब्रुवारीत गेली.

ऑक्टोबरात रेइनोचा फोन येतो: धुतलंत का?
धुतो. वळचणीतल्या पाइनच्या सुया काढतो हाताने,
फावडं नाही, तारेचा ब्रश तर नाहीच.
धुराड्याच्या बुडाशी रबराची बाही,
तिची कड नखाने चाचपतो.
वॉरंटीचा कागद निशिकांत दरवर्षी मोठ्याने वाचतो:
मालक बदलल्यास नव्या मालकाला एकदाच देता येईल.
एकदाच, असं पुन्हा म्हणतो
आणि कागद फ्रीजवरच्या डब्यात ठेवतो.

रात्री दोनला अख्खी बाजू सुटते.
भिंती हलतात, कपाटातल्या वाट्या वाजतात.
उतरलं, म्हणतो तो, डोळे न उघडता.
मग दोघंही जागेच.

यंदा पाना पडला त्याच्या हातून,
करंगळीएवढा ओरखडा, चकचकीत.
रेइनो म्हणाला, एवढंसं सोडून द्या,
आजूबाजूचं जस्त सांभाळून घेतं.
याला ते पटत नाही.
रंगाची बारकी बाटली खिशात घालून
पुन्हा चढलाय.
शिडी मी धरलीय.